पळसाखाली फुलांचं चित्र मांडलं, तर कुणीतरी अगरबत्ती लावून गेलं

सागपान
२ मार्च, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. आज लिहायला बसले कारण एका पेचात सापडलेय आणि घरी सांगितलं की सगळे नुसते हसतात.

मी नागपूरची, राहायला हिंगणा रोडच्या बाजूला. घरामागे नाला आणि नाल्यापलीकडे मोकळं रान. पळस, सागाची पाच-सहा झाडं, बाभळी आणि मधेमधे माजलेली बेशरमाची झुडपं. गेली दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी पहाटे तिथं जाते आणि खाली पडलेल्या वस्तूंची जमिनीवरच चित्रं मांडते. पानं, फुलं, शेंगा, खडे. रंग नाही, डिंक नाही, दोरा नाही. तोडायचं काहीच नाही, जे आपोआप गळलंय तेवढंच घ्यायचं. दुपारचा वारा किंवा गुरं ते उधळून टाकतात आणि मी काही वाईट वाटून घेत नाही.

सुरुवात झाली ती अँडी गोल्ड्सवर्दी या ब्रिटिश शिल्पकाराच्या कामाचे फोटो पाहून. १९५६चा जन्म, तरुणपणी शेतावर राबलेला माणूस. पानं, बर्फ, काटक्या, दगड यांचीच शिल्पं करतो. त्यातली बरीचशी काही तासांत किंवा दिवसांत नाहीशी होतात, उरतो तो फोटो. एका फोटोत त्यानं पानं काट्यांनी एकमेकांना जोडलेली दिसली आणि मी फोन हातात धरून हसतच बसले. अहो, हे तर आजी करायची! पळसाची पानं एकावर एक धरून कडुनिंबाच्या काडीनं टाचायची, की झाली पत्रावळ. वरून टोचायचं, खालून वर काढायचं, उरलेलं टोक मोडून टाकायचं. लहानपणी लग्नाच्या आधी वाड्यात पत्रावळी लावायला बसलो की माझ्या वाट्याला द्रोण यायचे. ते हातात अजून आहे. म्हणून मी साहेबाकडून काही शिकले असं म्हणवत नाही. आजीनं शिकवलेलं जेवणाच्या पंगतीबाहेरही चालतं, एवढंच त्यानं दाखवलं.

करून करून समजलेल्या दोन गोष्टी सांगते.

सागाचं वाळकं पान नऊ वाजता हातात घेतलं तर पापडासारखं मोडतं. तेच पहाटे साडेपाच-सहाला, दव पडलेलं असताना, कापडासारखं वळतं. फेब्रुवारीपर्यंत हे जमतं. मार्चपासून दव संपतं, मग मी आदल्या रात्री पानं ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवते. काडी टोचताना पान तडकलं तर शिरेच्या अगदी जवळ टोचायचं, तिथं ते धरून राहतं.

दुसरी गोष्ट मे महिन्यातली. आपली काळी माती उन्हानं फाटते, बोट आत जाईल एवढ्या भेगा पडतात. त्याच दिवसांत बहावा फुलतो आणि झाडाखाली पिवळा सडा असतो. मागच्या मे मध्ये मी एका पडीक तुकड्यावर त्या भेगांमध्ये पाकळ्या भरत गेले. सुमारे दोन हात लांब-रुंद भाग भरायला पावणेदोन तास लागले. भेगांचे षट्कोन-पंचकोन होतेच, मी फक्त पिवळी रेघ दिली. साडेआठला उभी राहून वरून पाहिलं तर जमिनीवर सोन्याची जाळी अंथरलेली. दहापर्यंत पाकळ्या आक्रसून भेगांच्या तळाशी गेल्या होत्या. इतकं सुंदर काही मी ना त्याआधी केलं, ना त्यानंतर.

आता पेच. मागच्या रविवारी पळस ऐन भरात होता. पळसाच्या फुलाचा देठाकडचा भाग काळपट, मखमली असतो, तुम्ही पाहिला असेल. मी बुंध्यापाशी मोठं वर्तुळ मांडलं. बाहेरच्या रांगेत फुलांची काळी बाजू वर, मग हळूहळू केशरी बाजू वर येत जाते, आणि मधोमध नाल्यातला एक गुळगुळीत काळा दगड. वीतभर असेल. रंग खुलावा म्हणून ठेवला, बाकी काही मनात नव्हतं.

मंगळवारी ऑफिसला जाताना सहज डोकावले. दगडाला हळद-कुंकू, पुढे अगरबत्तीची काडी, एक रुपयाचं नाणं. गुरुवारी नारळाची वाटी. आज पाहिलं तर आजूबाजूचा पालापाचोळा कुणीतरी झाडून काढलाय आणि फुलं ताजी आहेत! माझी रविवारची फुलं आज ताजी असणं शक्यच नाही.

दगड उचलू की राहू देऊ? आणि तुमच्यापैकी कुणी असलं काही करत असेल तर आपापले अनुभव लिहा.

---

पोट्टा_सदरचा
२ मार्च, रात्री १०:०४

ताई, तुम्ही देव बसवला न बावा. आता वर्गणीचं पुस्तक छापा, पुढच्या वर्षी भंडारा, त्याच्या पुढच्या वर्षी पत्र्याचं शेड. अन मंग रस्ता रुंद करायला आले का आंदोलन. मी हसून नाही राहिलो, आमच्या गल्लीत असंच झालं होतं. क्रिकेटचा स्टंप म्हणून ठेवलेला दगड होता थो. आता आम्हीच तिथं चपला काढून जातो.

---

निवृत्त_मास्तर
२ मार्च, रात्री १०:४०

सागपान, फार सुरेख लिहिलंत. भेगांमधला बहावा डोळ्यांसमोर आला.

मला यात नवल वाटत नाही. आपल्याकडे जमिनीवर नीट मांडलेलं काहीही दिसलं की माणूस थबकतो आणि त्याचा अर्थ लावतो. सडा टाकून काढलेली रांगोळी सकाळी असते, दुपारी पायांनी फिसकटते, दुसऱ्या दिवशी तिच्याच जागी दुसरी. पुसली गेली म्हणून कुठली बाई रडत नाही. केरळात देवळांमध्ये कळम् काढतात. तांदळाच्या पिठाचा पांढरा, हळदीचा पिवळा, हळद-चुन्याचा लाल, कोळशाचा काळा, वाटलेल्या पाल्याचा हिरवा, अशी पाच पुडींत देवीची मोठी आकृती होते आणि विधीच्या शेवटी नाचत-नाचत ती पुसून टाकतात. पुसणं हाच विधीचा भाग.

आणि आपल्या नागपूरची मारबत, तो मिरवणुकीतला मोठा पुतळा? काळी मारबत १८८१पासून आणि पिवळी १८८५पासून निघते असं सांगतात. कारागिरांनी जीव ओतून केलेली, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवून जाळून टाकलेली. तेव्हा टिकू नये म्हणून करणं नागपूरकराला कुणी शिकवायला नको.

तुमची चूक, चूक म्हणायची तर, एकच झाली. फुलं जाणारी होती, दगड राहणारा होता. वर्तुळाच्या मधोमध राहणारी वस्तू ठेवलीत. दगडाऐवजी शेणाचा गोळा किंवा ओल्या मातीचा ठेवला असता तर पहिल्या उन्हात भुगा झाला असता.

---

मुरूम
३ मार्च, सकाळी ७:१५

मास्तरांशी सहमत, पण मला दगडांबद्दल बोलायचंय. माझा विषयच तो.

सागपान, तुम्ही राहता त्या बाजूला काळा दगड, म्हणजे दख्खनचा बेसॉल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. शहराच्या पूर्वेला निघालात की तो संपतो आणि फार जुना, पट्ट्यापट्ट्यांचा नाईस खडक लागतो. नागपूर या दोघांच्या सीमेवर बसलंय. म्हणजे रंग हवे असतील तर दुकानात जायचं कारणच नाही. हिंगण्याकडे काळा दगड आणि तांबूस-पिवळा मुरूम. कामठीकडे लोहाचा अंश असलेला लालसर वालुकाश्म. कन्हानच्या पात्रात फिकी वाळू. मनसरकडे मँगनीजचे काळेभोर जड खडे, हातात घेतले की कळतं. आणि काळ्या मातीतच पांढऱ्या चुनखडीच्या गुठळ्या सापडतात, शेतकरी त्यांना शिव्या देतात, पण पांढरा रंग हवा तर तोच.

मी एकदा या सगळ्या मात्यांच्या पुड्या करून कन्हानच्या वाळूवर पट्टे ओढले होते, पूर्वेकडून पश्चिमेकडे, जसे प्रत्यक्षात येतात तसे. जिल्ह्याचा भूवैज्ञानिक नकाशा म्हणा. बायको म्हणाली, लेहेरिया छान झालाय.

एक विनंती. दगड जिथून उचलला तिथंच, त्याच बाजूनं परत ठेवा. नाल्यातल्या दगडाखाली खेकडे असतात, माशांची पिल्लं असतात, किड्यांच्या अळ्या असतात. दगडांवर दगड रचून मनोरे करायची जी टूम निघालीय ती मला अजिबात आवडत नाही. फोटो झकास येतो, आणि खाली वीस घरं उघडी पडतात.

---

कोथरूडचा_पाहुणा
३ मार्च, सकाळी ९:३०

मस्त धागा. नागपूरला दोन वर्षांसाठी बदलीवर आलोय. शेवाळाची ग्राफिटी कुणी केलीय का? ताक, साखर आणि शेवाळ मिक्सरमधून फिरवायचं आणि भिंतीवर ब्रशनं अक्षरं काढायची, काही दिवसांत हिरवी अक्षरं उगवतात असा व्हिडिओ पाहिला. उत्साहात दीड लिटर ताक वापरून करून बघितलं. चौथ्या दिवशी भिंतीला फक्त आंबूस वास आणि मुंग्यांची रांग. घरमालक अजून विचारतात, तुम्ही भिंतीला मठ्ठा का पाजला?

---

सागपान
३ मार्च, सकाळी १०:०५

@पोट्टा_सदरचा, पत्र्याच्या शेडच्या भीतीनंच तर धागा काढला ना भाऊ!

@निवृत्त_मास्तर, शेणाचा गोळा. कसं सुचलं नाही मला? दिवाळीत गोधनाच्या वेळी आम्ही शेणाचेच गाई-गवळी करायचो.

@मुरूम, दगड कुठून उचलला ते आठवतंय, खळगाही असेल अजून. लाज वाटली थोडी.

@कोथरूडचा_पाहुणा, मठ्ठा! :) अहो, इथं वर्षाचा हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत उरकतो आणि मग आठ महिने भिंत तापते. पुण्यातही ती कृती कितपत जमते देव जाणे. त्यापेक्षा उलटं करा. ऑगस्टमध्ये कंपाउंडच्या भिंतीवर आपोआप हिरवं-काळं शेवाळ चढतं. ताठ केसांच्या ब्रशनं हवं तेवढंच खरवडून काढा, भिंतीचा मूळ रंग चित्र म्हणून दिसतो. मात्र भिंत स्वतःची हवी, किंवा निदान ताकाबद्दल माफ केलेल्या घरमालकाची.

---

शंकासूर
३ मार्च, दुपारी १:२०

कुणाला टोचेल, पण लिहितो. रानात जाऊन पानं मांडायची, फोटो काढायचा, लाइक मिळवायचे. याला कला म्हणायचं? एका इंग्रज कलाकारानं १९६७मध्ये कुरणात एकाच रेषेत येरझारा घातल्या, गवत दबलं, त्याचा फोटो काढला, ती जगप्रसिद्ध कलाकृती. आमच्या गावच्या म्हशी रोज काढतात तसली रेघ. त्यांना कुणी गॅलरीत बोलावलं नाही.

दुसरं म्हणजे त्या रानात तुमच्या फुलांशेजारी गुटख्याच्या पुड्या आणि डिस्पोजेबल ग्लास असणारच. ते आधी उचला.

---

पोट्टा_सदरचा
३ मार्च, दुपारी १:३१

म्हशीले गॅलरीत नेलं तर ती गॅलरी खाऊन टाकीन भाऊ.

---

सागपान
३ मार्च, दुपारी २:१०

@शंकासूर, तो कलाकार रिचर्ड लाँग. म्हशीशी केलेली तुलना त्याला आवडेल असं मला वाटतं, गंमत नाही करत. कला की नाही यावर मी वाद घालणार नाही, रांगोळीला कुठं कुणी प्रमाणपत्र दिलंय.

पण दुसरा मुद्दा शंभर टक्के मान्य. मी दर वेळी एक रिकामी पिठाची पिशवी नेते आणि ती भरल्याशिवाय मांडायला बसत नाही. एकदा सापडलेल्या गुटख्याच्या पुड्यांचंच चकचकीत वर्तुळ केलं होतं. दिसलं इतकं सुंदर की पोटात ढवळलं. फोटो न काढता पिशवीत भरलं.

---

सावध_पाऊल
३ मार्च, सायंकाळी ६:४५

पानगळीच्या दिवसांत सागाच्या पाचोळ्यात हात घालणाऱ्या सगळ्यांसाठी: थांबा. घोणस त्या पाचोळ्यात पडली असेल तर दोन फुटांवरून दिसत नाही, पाठीवरचे ठिपके आणि पानांच्या सावल्या एक होऊन जातात. आधी लांब काठीनं पानं हलवा, मग हात घाला. घोट्यावर येणारे बूट घाला, चप्पल नको. दगड उचलायचाच असेल तर लांबची कड धरून आपल्या दिशेनं उलटवा, म्हणजे खालून विंचू निघाला तर पलीकडे जाईल. पहाटे अंधारात टॉर्चशिवाय बसकण मारू नका.

आणि चित्राच्या मधोमध पणत्या लावून फोटो काढायची हौस कुणाला असेल तर ती दिवाळीत अंगणात भागवा. फेब्रुवारी ते जून हा आपल्याकडे वणव्यांचा काळ. वाळलेला साग ठिणगीची वाटच पाहत असतो. सागपान, तुमच्या पळसाखालची अगरबत्ती मला दगडापेक्षा जास्त काळजीची वाटते.

---

सागपान
३ मार्च, सायंकाळी ७:०२

अगरबत्तीचा हा विचार डोक्यातच आला नव्हता. उद्या सकाळी जातेच.

---

संत्रासाल
३ मार्च, रात्री ८:३०

मी शाळेत चित्रकला शिकवते. मुलांना घेऊन एका बागेत गेले होते, नाव लिहीत नाही. मृग बहाराची संत्री बाजारात होती, रसवाल्या भैयाकडून दोन पोती साली आणल्या. वाळल्या की त्या वाटीसारख्या वळतात, आतून पांढऱ्या, बाहेरून नारिंगी. मुलांनी पालथ्या-उताण्या ठेवत लाटा काढल्या, वीस-पंचवीस फूट लांब. सालीतल्या तेलामुळे मुंग्या फिरकत नाहीत, हे पोरांनीच शोधून काढलं.

तासाभरात रखवालदार आला. "परवानगी कुठंय? कचरा काऊन करून राहिले?" मी म्हटलं, दादा, जाताना सगळं भरून नेणार आहोत, पोती हीच. तो म्हणाला, भरून नेणार तर मांडलं कशाला? एका सहावीतल्या मुलीनं त्याला उत्तर दिलं, "काका, तुम्ही पण रोज झाडून काढता न, मंग रोज पानं काऊन पडतात?" माणूस गप्प. मग स्वतःच खुर्ची आणून बसला आणि लाटेचं शेवटचं टोक कुठं वळवायचं यावर सूचना देऊ लागला. परवानगी मात्र पुढच्या वेळी आधीच घेतली, अर्ज लिहून. त्यात "नैसर्गिक साहित्याची रांगोळी" असं लिहिलं, कारण "कलाकृती" म्हटलं की तीन टेबलं फिरावं लागतं.

रंग वापरणाऱ्यांसाठी थोडं. बाजारातली भडक रांगोळी बहुतेक कृत्रिम रंगांची असते, मातीवर आणि पाण्याजवळ नको. स्पर्धेत रंगीत मीठ वापरतात, ते तर मातीवर मुळीच नको, तिथं पुढे गवत उगवणार नाही. हळद चालते, पण उन्हात दिवसभरात उडते. हळदीत चुन्याची चिमूट घातली की लाल. पळसाची फुलं पाण्यात उकळली की पिवळसर केशरी, त्यातही चिमूटभर चुना घातला की गडद. सागाचं कोवळं पान तळहातावर चोळा, रक्तासारखा लाल डाग. पोरांना हे शेवटचं सगळ्यात आवडतं, घरी जाऊन आयांना घाबरवतात.

---

काळा_कोट
३ मार्च, रात्री ९:५५

परवानगीचा विषय निघालाच आहे म्हणून थोडक्यात. शहरात भिंत, खांब, पूल, चौथरा यांवर काहीही काढताना १९९५चा महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायदा लक्षात ठेवा. "पुसलं जातं" हा बचाव गृहीत धरू नका. जंगल वन विभागाचं असेल तर फूल-पान-दगड काहीही हलवण्याआधी विचारा, अभयारण्यात तर विषयच नको. तुमचं रान कुणाचं आहे, हे सातबाऱ्यावर बघा. मोकळं दिसतं म्हणजे बेवारस असतं असं नाही.

भिंतीवरची धूळ पुसून चित्र काढण्याचा मात्र एक मजेदार किस्सा आहे. ब्राझीलमधल्या साओ पाउलो शहरात २००६ साली अलेक्झांद्रे ओरिऑन नावाच्या कलाकारानं बोगद्याच्या भिंतीवरची गाड्यांची काजळी फडक्यानं पुसत कवट्यांची रांगच्या रांग काढली. पोलीस आले, पण भिंत स्वच्छ करणं हा गुन्हा कसा ठरवायचा? शेवटी पालिकेनं तो बोगदाच धुऊन काढला. वकील म्हणून मला ही केस लढायला आवडली असती. आपल्या उड्डाणपुलांच्या खांबांवर साहित्य भरपूर आहे, पण मी सल्ला देतोय असं समजू नका.

---

तिसरा_डोळा
४ मार्च, सकाळी ६:२०

फोटोबद्दल कुणीच बोललं नाही. सगळं नाहीसं झाल्यावर हातात तेवढाच राहतो, तर तो नीट काढा ना. नागपूरच्या उन्हात सकाळी साडेसात-आठनंतर केशरी रंग पांढुरका पडतो. सूर्य वर येऊन तासभर होईपर्यंतच खेळ. थेट वरून एक, आणि जमिनीला गाल लावून एक. बाजूला काही ठेवा म्हणजे आकार कळेल, काडेपेटी नको, तुमचा हात ठेवा. आणि जागेचं ठिकाण फोटोसोबत टाकू नका. दोनशे माणसं येतील आणि रान तुडवतील.

अवांतर: चिनी शहरांतल्या बागांमध्ये म्हातारी माणसं लांब दांड्याच्या ब्रशनं फरशीवर नुसत्या पाण्यानं अक्षरं लिहितात. हे मी मे महिन्यात गच्चीवर करून पाहिलं. "नागपूर" लिहीत होतो. "र" लिहीपर्यंत "ना" वाळला होता. फोटो काढायचा तर दोघं लागतात.

---

पोट्टा_सदरचा
४ मार्च, सकाळी ८:११

म्हणजे मे मधात इथं फक्त "पूर" लिहिता येते. थो तर पावसाळ्यात अंबाझरी तलावानं लिहून दाखवला आम्हाले.

---

सागपान
४ मार्च, रात्री ९:१५

आज जाऊन आले. सविस्तर लिहिते.

सहाला पोचले तर पळसाखाली एक आजी वाकून बसलेल्या. नऊवारी, खांद्यावर सरपणाची मोळी बांधायचा दोर. मी लांबच थांबले. त्या कालची वाळलेली फुलं एकेक उचलून बाजूला ठेवत होत्या आणि खाली पडलेल्या ताज्या फुलांतून निवडून जागेवर ठेवत होत्या. नुसती ठेवत नव्हत्या. फूल हातात फिरवायच्या, काळी बाजू बघायच्या, मग ठेवायच्या. माझी रचना बाहेरून आत काळी ते केशरी अशी होती, त्यांनी उलटी केली होती. दगडाला लागून काळी, बाहेर केशरी. खरं सांगू? त्यांची जास्त चांगली होती. दगड आता वर्तुळातून वेगळा दिसत नव्हता, फुलांमधूनच वर आल्यासारखा वाटत होता.

मी जवळ गेले. "आजी, हे कोणी केलं?"

"माईत नाही माय. मागच्या आयतवारी दिसलं. कोनी तरी मोठ्या मनानं मांडलं होतं. मंग वाळून राहिलं होतं, म्हनून मी बदलते."

आता काय बोलावं? मी सांगून टाकलं की मीच मांडलं होतं, नवस नाही, देव नाही, सहज म्हणून. त्यांनी माझ्याकडे नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं. रागावतील असं वाटलं. त्या म्हणाल्या, "सहज? मंग एवढी फुलं कायले मोजून ठेवली?"

मोजून ठेवली होती हे खरं आहे. प्रत्येक रांगेत तीन-तीन वाढवत नेली होती. त्यांनी ती मोजली होती!

हळद-कुंकू त्यांचंच होतं. नाणं आणि नारळ त्यांचे नव्हते, "लोक पाहतात न, एकानं केलं का दुसरा करते." अगरबत्तीचं मी वणव्याचं कारण सांगितल्यावर त्यांनी लगेच मान हलवली, मागच्या वर्षी नाल्यापलीकडचं गवत पेटलेलं त्यांनी पाहिलंय. अगरबत्तीच्या काड्या उपटून दोरात खोचून घेऊन गेल्या. नारळाची वाटी मी आणली नाही, ती आधीच खारीनं कोरली होती.

दगडाचं मी भीतभीत विचारलं. नाल्यात परत ठेवायचाय, त्याच्या जागेवर. त्या म्हणाल्या, "ने न. दगड तुहा हाय. फुलं काही तुही नाही, मी टाकत जाईन पळस संपेपर्यंत."

म्हणून दगड उचलला. खालची माती ओलसर होती आणि एवढ्या दिवसांत तिथं एक गोगलगाय येऊन राहिली होती. @मुरूम, आता तुम्हीच सांगा! गोगलगायीला बाजूच्या पाचोळ्यात सोडलं, दगडावरचं कुंकू गोणपाटानं पुसून काढलं आणि नाल्यातल्या खळग्यात बसवला. बसला बरोबर, त्याच बाजूनं. मधे राहिलेल्या रिकाम्या जागेत आजींनी नाल्यातली ओंजळभर ओली माती आणून थापली आणि अंगठ्यानं मधे खड्डा केला. तो कशासाठी ते विचारायचं राहून गेलं.

फोटो काढला नाही. फोन खिशात होता, पण त्या काम करत असताना काढवेना.

@काळा_कोट, सातबारा काढायला दिलाय.

---

मुरूम
४ मार्च, रात्री ९:४०

गोगलगायीनं माझी बाजू पडली. :) पण दगड जागेवर गेला, बरं झालं.

---

निवृत्त_मास्तर
४ मार्च, रात्री १०:१०

अंगठ्याचा खड्डा बहुधा पाण्यासाठी. आमच्याकडे आई असा खड्डा करून त्यात पाणी घालायची, चिमण्यांसाठी. उद्या जाऊन बघा, पाणी आहे का.

---

संत्रासाल
४ मार्च, रात्री १०:२५

पळस संपायच्या आत एका रविवारी आम्ही चार-पाच जणांनी आलं तर आजींना चालेल का, विचाराल? मुलं नाही आणणार, आम्हीच. काड्या घेऊन येते, कडुनिंबाच्या.

---

पोट्टा_सदरचा
४ मार्च, रात्री १०:२७

मी येतो. तर्री-पोहे माह्याकडून. प्लेटा मात्र पत्रावळीच्या, त्या ताई लावतीन.

---

सागपान
५ मार्च, सकाळी ७:०५

@निवृत्त_मास्तर, पाणी होतं. त्यात एक पळसाचं फूलही होतं, पण ते वरून पडलं की ठेवलं, सांगता येत नाही.

@संत्रासाल, विचारलं. आजी म्हणाल्या, या, पण सहाच्या आधी, कारण साडेसहाला बकऱ्या येतात आणि त्या फुलं खातात.